ऐकलंत का, धाकट्यांचे घड जिरले!

अहो, जरा इकडे या की कुंपणाजवळ. हळू बोलायचंय. सासूबाई ओट्यावरच बसल्यात आणि हल्ली त्यांना नको तेवढंच नेमकं ऐकू येतं. काल कंपनीची गाडी आमच्या धाकट्या दिरांच्या बागेत येऊन गेली, ते तर तुम्ही पाहिलंतच. अख्ख्या वस्तीने पाहिलं. पण आत बांधावर काय झालं ते नाही ना कळलं? मला कळलंय. जाऊबाईंनीच सांगितलं, आणि वर ‘कुणाला बोलू नका हं’ असंही म्हणाल्या. आता तुम्ही काय ‘कुणी’ आहात का?

मुळापासूनच सांगते, नाहीतर गंमत कळायची नाही. ती बाग वाईनच्या द्राक्षांची, हे तुम्हाला माहितीये, मला माहितीये, पोस्टमनला माहितीये. फक्त सासूबाईंच्या लेखी ती ‘ज्यूसची द्राक्षं’. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी कधी चुकलेली नाही, त्यांना सांगणार कोण? एकदा त्यांनी एक मणी तोंडात टाकला आणि लगेच थुंकला. ‘अरे, ज्यूसच्या द्राक्षात एवढ्या बिया कशा? आणि साल किती जाड!’ दीर म्हणाले, ‘परदेशी जात आहे, आई.’ आता यात खोटं काय बोलले? शिराज आहे ती, मूळची फ्रान्सची. मणी एवढुसा, काळाभोर. बिनबियांचं थॉमसन खाणाऱ्याला नाहीच आवडायची.

आणि आपल्याला हे काही नवीन आहे का? जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण श्रीरामपूरजवळच्या टिळकनगरची ब्रँडी देशभर जाते, ते काय कालपरवाचं? १९३३ साली साखर कारखाना म्हणून सुरू झालेली कंपनी ती. तिकडे पारनेर-संगमनेरची शीव ओलांडली की नारायणगाव. शामराव चौगुल्यांनी १९८०च्या दशकात तिथे फ्रेंच लोकांना हाताशी धरून फसफसणारी वाईन काढली होती. मग नाशिकला सुला आली, आणि २००१ला सरकारचं द्राक्ष धोरण. आपण कोपरगावकर तर काय, येवला ओलांडला की निफाड आलंच. लागण लागायचीच होती. दिरांना जरा उशिरा लागली, एवढंच.

आणि लागली तीही कधी, तर अण्णांच्या उपोषणाच्या गडबडीत! आठवतंय ना? २७ जानेवारी २०२२ला मंत्रिमंडळाने ठरवलं, सुपरमार्केटात वाईन ठेवायची. आणि राळेगणहून अण्णा हजारे म्हणाले, १४ फेब्रुवारीपासून उपोषणाला बसतो. मग ग्रामसभा झाली, गावकऱ्यांनी गळ घातली, सरकारनेही आधी लोकांच्या हरकती मागवू म्हटलं, आणि अण्णांनी उपोषण पुढे ढकललं. पण तेवढ्या दिवसांत आमच्या घरात काय चाललं होतं, विचारू नका. एका ताटाला सासूबाई, ‘अण्णा म्हणतात ते बरोबर, दारू ती दारूच.’ समोरच्या ताटाला दीर, मान खाली, आमटीत भाकरी कुस्करतायत आणि खिशात कंपनीचा करार! जाऊबाई वाढायला म्हणून उठल्या त्या आतच राहिल्या. मी मात्र बसले. कुणीतरी बघायला नको?

तर काय सांगत होते... हां, घड.

तुम्हाला वाटत असेल, द्राक्षाचं वाटोळं गारांनी होतं. होतंच. २०२३च्या नोव्हेंबरात पारनेरकडे गारा पडल्या, तेव्हा माझ्या माहेरच्या माणसांनी बागेत पाऊल टाकवेना म्हणून सांगितलं होतं. पण गारा दिसतात तरी. फोटो काढता येतो, पंचनामा होतो, तलाठी येतो. आमच्या दिरांचं नुकसान झालं ते दिसलंच नाही. ते झालं गेल्या मेमध्ये, आणि कळलं सप्टेंबरात.

गेला मे आठवतोय ना, २०२५चा? आपण दोघी इथेच उभ्या राहून म्हणालो होतो, ‘काय बाई, यंदा उन्हाळाच नाही!’ कुरडया वाळल्या नाहीत, लोणच्याच्या फोडींना ऊन मिळालं नाही. २५ मेलाच मान्सून महाराष्ट्रात, दुसऱ्या दिवशी मुंबईत. एरवी जून उजाडला तरी ढगाकडे बघत बसतो आपण. मी तर कूलरसुद्धा बाहेर काढला नव्हता. गारवा पडला म्हणून भजी तळली, आणि धाकट्यांकडेही ताटली पाठवली. तर दिरांनी भज्यांना हात लावला नाही म्हणे! मला राग आला होता तेव्हा. आता कळतंय.

द्राक्षाच्या दोन छाटण्या असतात, हे तर तुम्ही ऐकून असालच. एप्रिलात खरड छाटणी, तिला काही फळ नाही, नुसत्या काड्या वाढवायच्या. आणि पावसाळा सरत आला की गोडी छाटणी, तिच्यावर घड. पण घड धरायचा की नाही हे ऑक्टोबरात ठरतच नाही हो! ते एप्रिलच्या छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांत, काडीच्या डोळ्याच्या आत ठरून जातं. बाईला दिवस जावेत आणि तिचं तिलाही कळू नये, तसं. बाहेरून डोळा तो डोळाच. त्या दिवसांत ऊन हवं, काडीवर लख्ख उजेड हवा. ढग बसून राहिले, पाऊस लागून राहिला, की वेल नुसती पालवत सुटते आणि डोळ्यात घडाच्या जागी बाळी तयार होते. बाळी म्हणजे ते तारेला विळखा घालणारं वेटोळं. नाहीतर घड होतो तो एवढासा, ‘गोळी घड’ म्हणतात त्याला, आणि फुटल्यावर जिरून जातो. शेतकरी म्हणतात, घड जिरले. एवढ्या दोन शब्दांत अख्खं वर्ष गेलं की!

सप्टेंबरात दिरांनी काड्या तोडल्या, बुडख्यापासून शेंड्यापर्यंत डोळ्यांवर खुणा केल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि लॅबवर नेल्या. सोबत आमचा भाचा होता, राहुरीच्या विद्यापीठात शिकतो ना, तोच. त्याने येऊन जे सांगितलं ते सांगते. लॅबवाल्याने ब्लेडने डोळा उभा कापला, दुर्बिणीखाली धरला. काही बोलला नाही. दुसरा कापला. मग तिसरा. मग चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, ‘दादा, खरड छाटणी कधीची?’ दीर म्हणाले, ‘एप्रिलच्या मधली.’ तो नुसतं ‘हं’ म्हणाला. भाचा म्हणतो, ‘मामी, त्या हं मध्येच मामांचा चेहरा उतरला.’ घरी आले ते सरळ मोटारीच्या खोलीत जाऊन बसले. चहा दोनदा गार झाला.

बरं, पाऊस तिथे थांबला म्हणाल तर तेही नाही. सप्टेंबरात पाथर्डी-शेवगावकडे काय हाहाकार झाला, सीना कुठवर आली, ते तर टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. दिवाळी झाली तरी रिपरिप चालूच. आकाशकंदील भिजून खाली आला तुमचा, आठवतंय? आता अशा पावसात छाटणी करायची कधी? इथेच वकिलीणबाईंची गंमत झाली. अहो, त्याच, ओढ्यापलीकडच्या बंगल्यातल्या.

त्यांची बाग पांढऱ्या वाईनची. नाव मोठं अवघड आहे, सॉव्हिन्यों ब्लां. त्यांच्या गड्याने त्याचं ‘सावनी’ केलंय आणि मला तेच बरं वाटतं. वकीलसाहेब म्हणाले, वाईनची छाटणी सप्टेंबरातच करायची असते, आम्ही तारीख मोडत नाही. आणि केली! वकिलीणबाई हळदीकुंकवाला मुद्दाम आमच्या जाऊबाईंशेजारी बसून म्हणतात कशा, ‘आमचं वेळेवर झालं बाई. तुमच्याकडे अजून विचारच चाललाय का?’ जाऊबाईंनी वाण घेतलं आणि उठल्या. आणि मग काय सांगू, वकिलीणबाईंची बाग पोंग्यात आली, नुसते कोवळे कोंब, आणि वरून पाऊस. आठ दिवसांत पानामागे पांढरी बुरशी. डाऊनी! रात्रंदिवस ब्लोअर चालू. आमच्या खिडक्यांना बोर्डोचा निळा थर बसला, पडदे दोनदा धुतले मी.

त्या बोर्डोचीही गंमत भाचाच सांगत होता. मोरचूद आणि चुन्याचं ते पाणी फ्रान्समधल्या बोर्डोचं. तिथले शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर ते शिंपडायचे, का, तर येणाऱ्या-जाणाऱ्याने द्राक्षं चोरू नयेत! निळी, विषारी दिसावीत म्हणून. तिथून जाता-जाता मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की आतल्या वेलींना डाऊनी आहे आणि रस्त्याकडेच्या ठणठणीत. १८८५मध्ये त्याने ते छापलं. म्हणजे बघा, चोरांच्या भीतीने निघालेलं औषध, आणि आज आमच्या पडद्यांवर! त्या फ्रेंचांनाही आभाळाने सोडलेलं नाही हं. २०२१च्या एप्रिलात ऐन फुटीवर तिकडे दहिवर गोठलं, तर रात्रभर बागांतून मेणबत्त्या पेटवून बसले होते. आपल्या निफाडला पारा घसरला की शेकोट्या पेटवतात, तेच ते.

तर काय सांगत होते, वकिलीणबाई. त्यांचे निम्मे घड डाऊनीने गेले. उरलेल्यांत कूज शिरेल म्हणून कंपनीने पुरती गोडी भरायच्या आतच तोडा सांगितला. एरवी पांढरीला एकवीस-बावीस ब्रिक्स गोडी हवी, यांची अठरावरच काढली. करारात भाव गोडीवर. झालं! त्या आठवड्यात बाई देवळात दिसल्या नाहीत. आणि मग परवा बघते तर काय, नवी साडी, मान ताठ. ‘आमची द्राक्षं स्पार्कलिंगला गेली, स्पेशल!’ मी भाच्याला विचारलं, तर तो हसायलाच लागला. म्हणाला, फसफसणाऱ्या वाईनला कमी गोडीची, आंबट द्राक्षंच लागतात. शॅम्पेन मुळात निघाली तीच अशा थंड मुलखात, जिथे द्राक्ष पुरतं पिकतच नाही. म्हणजे वाईट साल असलं की हुशार वाईनवाला त्यातूनच बुडबुडे काढतो. पावसाने फिक्या पडलेल्या काळ्या द्राक्षांची गुलाबी वाईनही काढतात म्हणे. भाव मात्र... ते बाईंनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. म्हणजे विचारलं, पण त्यांनी ऐकलं नाही.

आता आपल्या धाकट्यांकडे या. दिरांनी छाटणी रोखून धरली ती दिवाळीपर्यंत. डोळे फुटायची पेस्ट लावली, फुटी आल्या, आणि लॅबवाल्याच्या ‘हं’ प्रमाणेच सगळं झालं. जिथे एका वेलीला तीस-पस्तीस घड मोजायचे, तिथे दहा-बारा. बाकी पानंच पानं. बाहेरून बाग एवढी हिरवीगार की रस्त्यावरचा माणूस म्हणेल, काय नशीब काढलंय! पण छाटणी लांबली की पुढचं सगळं लांबतं. फेब्रुवारीत होणारा तोडा मार्चात आला. आणि मार्चातलं आपलं ऊन... गोडी रोज चढते आणि आंबटपणा रोज पळतो. वाईनला दोन्ही लागतं हो, नुसतं गोड झालं की ती बसकी होते. मग तोडा पहाटे, हेडलाइट बांधून, मणी गार असतानाच. उन्हात क्रेट राहिली की वाटेतच आंबायला लागायची.

तर कालची गोष्ट. गाडीतून दोघं उतरले. एक तो नेहमीचा फील्ड ऑफिसर, आणि एक बाई. वाईनमेकर! तीस-बत्तिशीची असेल, केस बांधलेले, पायात गमबूट. सासूबाईंनी तिला ज्यूसवाली मॅडम म्हणून ओट्यावर बसवलं, चहा दिला, ‘लग्न झालं का’ विचारलं. मग ती बागेत गेली. ओळीतून चालत होती, इथला एक मणी, तिथला एक, उन्हाकडचा, सावलीकडचा. खिशातून गोडी मोजायची छोटी दुर्बीण काढली, काचेवर थेंब पिळला, उजेडाकडे धरलं. चोवीस! मग मणी चावला, साल वेगळी चघळली, बी दाढेखाली फोडली. बी तपकिरी झाली, कटकन फुटली म्हणजे आतून पिकलंय, असं म्हणतात. बोटांवर रंग उतरला होता तो जाऊबाईंना दाखवला. आणि चेहरा एवढा खुलला तिचा! म्हणाली, ‘काका, यंदा काय सुरेख माल आहे! घड कमी राहिले ना, वेलीने सगळं त्यांच्यातच घातलंय. मस्त कॉन्सन्ट्रेशन!’

आता तुम्हीच सांगा, यावर दिरांनी काय बोलायचं? निम्मंसुद्धा पीक नाही, फवारणी मात्र पुऱ्या बागेची, मजुरी पुऱ्या बागेची, हप्ता पुरा. ते म्हणाले, ‘हो का, छान.’ आणि तारेकडे बघत राहिले. तेव्हा आमच्या जाऊबाई, ज्या उपोषणाच्या वेळी आतल्या खोलीतून बाहेर आल्या नव्हत्या ना, त्या पुढे झाल्या आणि म्हणाल्या, ‘मॅडम, मग भावही जरा कॉन्सन्ट्रेट करा की!’

फील्ड ऑफिसर खोकला. ती बाई आधी हसली, मग तिला कळलं, आणि हसू कुठल्या कुठे गेलं. ‘मी वर बोलून बघते,’ म्हणाली. चोवीसच्या गोडीला भाव वाढवून मिळतो, पण किलो कुठून आणायचे? एका बाटलीला किलो-सव्वाकिलो द्राक्षं लागतात. बाटल्याच कमी भरणार, पण ज्या भरतील त्यांवर पुढे कुणीतरी म्हणेल, २०२६चं साल काय छान होतं!

आणि हे पहिल्यांदा नाही हं. दुष्काळी सालीसुद्धा असंच. भाचा म्हणतो, पाण्याला ताणलेल्या वेलीचा मणी बारीक राहतो, साल जाड, रस घट्ट, लाल वाईन त्याचीच चांगली होते. इकडे टँकरचे पैसे भरता-भरता दागिने बँकेत गेलेले असतात. उलटं म्हणजे छाटणीनंतर बाग कोवळी असताना पाऊस आला, २००९च्या फयान वादळात किंवा २०१९च्या क्यार-महामध्ये बागा सडल्या, तेव्हा घराचंही गेलं आणि वाईनचंही. म्हणजे अवघड साल दोन जातींचं असतं. एकात दोघंही रडतात. दुसऱ्यात वाईन हसते आणि घर रडतं. दोघंही हसतील असं साल मी लग्न होऊन आल्यापासून क्वचितच पाहिलं.

विमा? अहो, तिथेच तर खरी मेख आहे. द्राक्षाचा हवामानावरचा फळपीक विमा आंबिया बहाराचा. त्याचं अवेळी पावसाचं संरक्षण ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत. थंडीचं आहे, गारांचं वेगळे पैसे भरून घेता येतं. आणि घड ठरतो कधी? मेमध्ये! बरोब्बर जो महिना कागदावर नाही, त्यातच. दीर एका ऑफिसात विचारायला गेले, तर समोरच्या माणसाने कागद उलटून-पालटून पाहिला आणि म्हणाला, ‘मेमध्ये तुमच्या झाडावर द्राक्षं होती का?’ नव्हती. ‘मग नुकसान कसलं?’ आता त्याला डोळा कापून दाखवायचा का?

म्हणून आज मुद्दाम हाक मारली तुम्हाला. १ मेला ग्रामसभा आहे. जाऊबाईंनी ठराव लिहून आणलाय: फळपीक विम्यात द्राक्षासाठी खरड छाटणीनंतरचा काळ घ्यावा, त्या काळातला पाऊस आणि ढग महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर मोजला जावा, आणि काडी तपासणीचा रिपोर्ट पुरावा म्हणून धरावा. ठरावात वाईनचा ‘वा’सुद्धा नाही, नुसतं ‘द्राक्ष’. थॉमसनवाले, शरदवाले, सगळ्यांचं दुखणं एकच आहे. वकिलीणबाईंनी सही केली, ‘स्पेशल’ असूनसुद्धा. सासूबाईंनी तर पहिला अंगठा उठवला. ज्यूसवाल्या मॅडम फार गुणी आहेत म्हणाल्या.

हा घ्या पेन. तुमची सही इथे, जाऊबाईंच्या खाली. आणि तुमच्या ह्यांनाही ग्रामसभेला पाठवा. कोरम भरला नाही तर ठराव कागदावरच राहील.